तिसऱ्या चाकाचे आश्वासन

मोटरसायकलला तिसरे चाक जोडले की ती अधिक सुरक्षित होते, असा समज सर्वत्र आढळतो. तो खोटा नाही. परंतु अपुरा आहे. तिसरे चाक एक धोका दूर करते आणि दुसरा निर्माण करते. या दोहोंचे स्वरूप समजावून घेणे, हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम या वाहनाकडे कोण वळते ते पाहू. अमेरिकेतील हार्ले-डेव्हिडसन कंपनीने १९३२ साली 'सर्व्ही-कार' ही तीनचाकी मोटरसायकल बाजारात आणली, ती मोटारदुरुस्तीच्या कारखान्यांसाठी. कारागीर तीवर बसून गिऱ्हाइकाकडे जाई आणि मोटार कारखान्यात आणताना हीच गाडी तिच्या मागे जोडी. पुढे पोलिसांनीही ती वापरली. वारंवार थांबावे लागणाऱ्या माणसाला पाय टेकावा लागत नाही, हा तिचा गुण. १९७३ पर्यंत तिचे उत्पादन चालू होते.

याच कंपनीची 'ट्राय ग्लाइड' २००८ मध्ये आली, ती मात्र हौशी प्रवाशांसाठी. आयुष्यभर मोटरसायकल चालविलेल्या, पण गुडघ्याने वा कंबरेने साथ सोडल्यामुळे साडेतीनशे किलोंहून जड गाडी पायांवर तोलू न शकणाऱ्या माणसाला तीत आधार दिसतो. त्याला वेगाची ओढ असतेच असे नाही. वाहनच सोडावे लागेल की काय, ही धास्ती असते.

तिसरा वर्ग शहरी नोकरदारांचा. इटलीच्या पियाज्जिओ कंपनीने २००६ मध्ये पुढे दोन चाके असलेली 'एमपी-३' काढली. युरोपीय नियमांनुसार एकाच आसावरील दोन चाकांतील अंतर ४६० मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर ती दोन्ही मिळून एकच चाक धरतात. अंतर किंचित वाढविले की वाहन तीनचाकी ठरते आणि फ्रान्ससारख्या देशात ते मोटारीच्या परवान्यावर चालविता येते. कायदा चाकांतील अंतर मोजतो. निसर्गनियम मात्र आणखीही काही मोजतात.

दुचाकी वळताना आतल्या बाजूस झुकते. त्यामुळे गाडी व स्वार यांचे वजन आणि वळणावर बाहेर ओढणारी प्रेरणा, या दोहोंचा एकत्रित भार टायर जमिनीला टेकतात त्या रेषेवरच पडतो. ताठ तीनचाकीला झुकता येत नाही. तिची चाके जमिनीवर एक त्रिकोण आखतात. एकत्रित भार त्रिकोणाच्या आत असेतोवर गाडी सावरलेली राहते. बाहेर गेला की आतले चाक उचलले जाते आणि गाडी उलटू लागते. पुढे एक व मागे दोन चाके असल्यास त्रिकोण पुढे निमुळता होतो. वळणावर ब्रेक दाबताच भार नेमका त्या निमुळत्या टोकाकडे सरकतो. पुढे दोन चाके असल्यास तोच भार रुंद बाजूकडे जातो. म्हणून २००७ मध्ये आलेल्या कॅनडाच्या 'स्पायडर'ला पुढे दोन चाके आहेत, शिवाय तोल राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही आहे. 'एमपी-३'ची पुढची चाके तर वळणावर दुचाकीसारखी झुकतात.

या त्रिकोणाचा धडा अमेरिकेला महागात पडला. होंडा कंपनीने १९७० मध्ये तेथे फुगीर टायरांची, आडवाटेने धावणारी तीनचाकी विकावयास काढली. पुढे एक चाक, मागे ताठ आस. दिसावयास ती खेळण्यासारखी निरुपद्रवी होती. अपघातांत सापडलेल्यांत सोळा वर्षांखालील मुले पुष्कळ होती. अखेर १९८८ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या समझोत्यानुसार उत्पादकांना नव्या तीनचाकींची विक्री थांबवावी लागली.

जुन्या सवयी हा आणखी एक धोका. वेगात असलेली दुचाकी उजवीकडे वळविताना स्वार नकळत हँडलची उजवी बाजू पुढे ढकलतो; ताठ तीनचाकीवर हीच कृती गाडीला डावीकडे नेते. थांबताना सवयीने टेकविलेला पाय मागच्या चाकाखाली येऊ शकतो. खड्डा पुढच्या चाकाने चुकविला, तरी मागच्या चाकांपैकी एक त्यात जाऊ शकते.

भारतात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. पायांत अधूपण असलेल्या असंख्य व्यक्ती मागील चाकाच्या दोहों बाजूंस एकेक चाक बसविलेली स्कूटर वापरतात. मोजली तर तिची चाके चार भरतात. पण पुढे निमुळता असा तिचा त्रिकोण तोच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'अपंगांचे वाहन' म्हणजे खास त्यांच्यासाठी रचलेले, नुसता फेरफार केलेले नव्हे, अशी व्याख्या होती. २०१९ च्या दुरुस्तीने फेरफार केलेल्या वाहनांनाही तीत स्थान मिळाले. कायद्याने वाहन मान्य केले, हे योग्यच झाले. पण ज्याची नोकरी, शिक्षण आणि स्वातंत्र्य या स्कूटरवर अवलंबून आहे, त्याला वळणाआधीच वेग कमी करावा, वळणात ब्रेक दाबू नये, हेही कोणी तरी शिकविले पाहिजे. जो चाके बसवून देतो, त्याच्यावर ही जबाबदारी प्रथम येते.