किटो आहार : किती दिवस?
(सोसायटीच्या आरोग्य शिबिरातील भाषण)



प्रीतिसंगमावर फिरताना हल्ली मला हमखास विचारतात, "डॉक्टर, भाकरी सोडून किटो करू का?"

हा आहार १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिट्सच्या रुग्णांसाठी सुचवला गेला. औषधांना दाद न देणाऱ्या मुलांना तो आजही देतात. पण साधारण दोन वर्षं, रक्त-लघवी तपासत. कारण मुतखडा, वाढतं कोलेस्टेरॉल, हाडांची झीज हे धोके आहेत.

सुरुवातीला वजन उतरतं, हे खरं. पण दहा-वीस वर्षं तो सुरक्षित आहे, असा पुरावा अजून नाही.

मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल, तर भाकरी एकदम बंद करू नका. साखर घातक उतरू शकते. काही गोळ्यांवर तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठतं. आधी डॉक्टरांना विचारा, मगच ताट बदला.