गळणारी टाकी, खारं पाणी आणि खालच्या काकू

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले काही 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' गाळलेत. बाकी सगळं बोलले तसंच आहे.)

मागचे तीन आठवडे एकही भाग आला नाही, त्याबद्दल आधी सॉरी. तुमचे मेसेज वाचले. 'ताई, पॉडकास्ट बंद केला का?' नाही रे बाबांनो, बंद नाही केला. घरात पाणी झालं होतं. तेही खारं.

जुन्या श्रोत्यांना माहितीये, आमच्या डोंबिवलीच्या घरात हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा मत्स्यालय-टँक आहे. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. हिशेबाने साधारण २५५ लिटर, पण दगड आणि वाळू धरली की प्रत्यक्षात पाणी २०० लिटरच्या आसपास. सगळं मिळून वजन ३०० किलो. त्यात क्लाउनफिशची जोडी. आईने त्यांची नावं राजा-राणी ठेवलीयेत, आणि ती मोठी आहे ती राणी, लहान आहे तो राजा. क्लाउनफिशमध्ये असंच असतं, मादी मोठी. शिवाय एक गोबी मासा, त्याच्यासोबत बिळात राहणारी पिस्तूल कोळंबी, आणि एक लाल-पांढऱ्या पट्ट्यांची क्लीनर कोळंबी. होती. तिच्याबद्दल सांगते पुढे.

आणि हो, दरवेळी कुणीतरी विचारतंच म्हणून सांगून टाकते. टँकमध्ये खरं प्रवाळ नाही. आपल्याकडे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्याच यादीत. माझे दगड माणसाने बनवलेले आहेत. वर्षभर पाण्यात ठेवून मुरवलेले.

तर गोष्ट सुरू होते जूनच्या पहिल्या आठवड्यात.

टँकचं पाणी रोज थोडं उडून जातं, बाष्पीभवन. पण उडतं ते फक्त पाणी, मीठ खालीच राहतं. म्हणून वरून भर घालायची ती गोड्या पाण्याची, आरओच्या. मे महिन्यात मी रोज दोन-अडीच लिटर घालायचे. पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली, म्हणजे बाष्पीभवन कमी व्हायला हवं. बरोबर? पण मी रोज चार लिटर घालत होते. आणि मला काही वाटलं नाही! रोज सकाळी एका हातात ब्रश, एका हातात जग. डोकं अजून उशीवरच.

पंधरा दिवसांनी क्लीनर कोळंबी मेलेली दिसली. मला वाटलं, कात टाकताना गेली असेल, कोळंबीचं होतं तसं कधीकधी. दोन दिवसांनी रिफ्रॅक्टोमीटर काढला, म्हणजे खारेपणा मोजायची ती छोटी दुर्बीण असते ना, ती. आकडा नेहमी १.०२५ असतो. त्या दिवशी १.०२१.

आता इथे जरा थांबा, कारण ज्यांच्याकडे टँक आहे त्यांना हे कामाचं आहे. नुसतं बाष्पीभवन असेल आणि तुम्ही गोडं पाणी घालत असाल तर खारेपणा तेवढाच राहतो. तो कमी होतोय, याचा अर्थ पाण्याबरोबर मीठही बाहेर जातंय. म्हणजे टँक गळतोय. मी पंधरा दिवस गळणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या जागी गोडं पाणी भरत होते. रोज दोन लिटर जादा, पंधरा दिवस, तीस लिटर. मासे हा बदल सोसतात. कोळंबीसारख्या जिवांना तो फार जड जातो. तिला मी मारलं, हे मला त्या दुर्बिणीतून दिसलं.

मागे वाकून बॅटरी मारली. भिंतीकडच्या बाजूला, डाव्या खालच्या कोपऱ्यात, सिलिकॉनच्या जोडावर मिठाची पांढरी खपली. प्लायचं स्टँड फुगलेलं. पाणी स्टँडच्या मागून स्कर्टिंगमध्ये आणि तिथून फरशीच्या फटीत जात होतं. त्यामुळे हॉलमध्ये एक थेंब दिसला नव्हता.

पण पाणी कुठेतरी जातंच ना.

आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये काका-काकू राहतात. मी शाळेत असल्यापासून ओळखतात मला. काकांची एप्रिलमध्ये बायपास झाली. आदल्या शुक्रवारी काकू वर आल्या होत्या, 'अगं, आमच्या बेडरूमच्या छताला ओल आलीये, तुमचं बाथरूम बघू का?' मग प्लंबर आला. आमचं बाथरूम बघितलं, नळ बघितले, काही सापडेना. सोसायटीत चर्चा सुरू की बाहेरच्या भिंतीतून पाऊस येतोय.

मला रविवारी कळलं की तो पाऊस नाही. तो माझा टँक आहे.

आणि मंडळी, मी काकूंना सांगितलं नाही. रविवार, सोमवार, मंगळवार. हा भाग करायचा की नाही यावर मी आठवडाभर विचार केला, तो याच तीन दिवसांमुळे. मला वाटलं, बाहेरून सिलिकॉन मारते, गळती थांबवते, मग सांगते. म्हणजे 'होतं, पण आता नाही' असं सांगता येईल. घरी या टँकसाठी मी किती भांडलेय! बाबा पहिल्या दिवसापासून म्हणत होते, समुद्र पाहायचा तर गिरगावला जावं, घरात कशाला. त्यांना मला बरोबर ठरवायचं नव्हतं.

सिलिकॉन मारलं. टिकलं नाही. टिकणारच नव्हतं. ओल्या, खारट काचेवर सिलिकॉन धरत नाही. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉनही नीट चिकटत नाही. आणि बाहेरून लावलेल्या थराला आतलं पाणी ढकलतच राहतं. नीट दुरुस्ती करायची तर टँक पूर्ण रिकामा करून जोड खरवडून काढावे लागतात. माझा टँक सहा वर्षांचा, त्यात स्टँड एका बाजूला खचलेलं. स्पिरिट लेव्हल ठेवली तर बुडबुडा सरळ टोकाला! सगळा ताण त्या एका कोपऱ्यावर येत होता. दुरुस्तीत अर्थ नव्हता.

बुधवारी रात्री गेले खाली. काकूंनी दार उघडलं. आत बेडरूममध्ये काका झोपले होते आणि काकू त्यांना पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. छताची ओल पंख्याच्या हुकापर्यंत आली होती. प्लंबरने सांगितलं होतं, पंखा लावू नका, शॉक बसेल. जूनचा उकाडा, बायपास झालेला माणूस, आणि सहा रात्री पंखा बंद. त्यातल्या तीन माझ्या हिशेबात.

मी सगळं सांगून टाकलं. काकू ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, मग तो प्लंबर रोज येऊन माझ्याकडे चहा कशाला पीत होता?"

मी हसले नाही. त्याही नाही हसल्या. मग म्हणाल्या, "रविवारी सांगितलं असतंस तर यांना हॉलमध्ये झोपवलं असतं. मला वाटत होतं आज थांबेल, उद्या थांबेल." एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच रात्री आमचा टेबलफॅन खाली दिला, आणि टँक रिकामा करायला घेतला. बाबांना उठवलं. ते एक शब्दही बोलले नाहीत, लुंगी खोचली आणि पिंपं आणायला गेले.

आता क्रम सांगते, कारण यात घाई केली की मासे जातात. सगळ्यात आधी टँकच्या सगळ्या वायरी सॉकेटमधून काढल्या. खाऱ्या पाण्यातून वीज मस्त वाहते, आणि घरात ईएलसीबी नसेल तर आधी तो बसवा, मग मासे आणा. दुसरं, वरचं स्वच्छ पाणी नळीने पिंपात घेतलं, वाळू अजिबात न ढवळता. तिसरं, दगड. हे सगळ्यात महत्त्वाचं. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. तो पचवणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते दगडांच्या पृष्ठभागावर राहतात. म्हणून दगड हवेत ठेवायचे नाहीत, लगेच पिंपातल्या खाऱ्या पाण्यात, आणि पाणी फिरवायला एक पंप. दगड जगले तर टँक जगला. मासे शेवटी पकडायचे. दगड निघाले की त्यांना लपायला जागा उरत नाही, पाच मिनिटांत जाळीत येतात. आधी पकडायला गेलात तर रात्रभर पकडापकडी खेळाल.

जुनी वाळू मात्र ठेवायची नाही. तळाशी ती काळी पडलेली असते, ढवळली की सडक्या अंड्यासारखा वास येतो. हायड्रोजन सल्फाइड. ती बादलीत भरून गॅलरीत ठेवली, सकाळी टाकायला.

गोबी सापडला. पिस्तूल कोळंबी सापडेना. या दोघांचं नातं भारी असतं. कोळंबीला नीट दिसत नाही, ती बीळ खणते. गोबी दारात पहारा देतो. कोळंबी बाहेर आली की तिची एक मिशी कायम त्याच्या अंगाला लावलेली. धोका दिसला की तो शेपूट हलवतो आणि दोघंही आत. पहाटे तीनपर्यंत शोधलं, मग म्हटलं गेली. एका महिन्यात दुसरी.

सकाळी साडेसहाला बाबांनी हाक मारली. "अगं, गॅलरीत काहीतरी स्पार्क होतंय बघ."

टक. टक.

कचऱ्यात जाणाऱ्या वाळूच्या बादलीतून आवाज येत होता. पिस्तूल कोळंबी एक नांगी इतक्या जोरात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, त्याचा तो आवाज. बादलीत तळाला चार बोटं पाणी राहिलं होतं, त्यात ती बसली होती. बाबांनी बाही वर केली, हात घातला आणि तिला ओंजळीत बाहेर काढलं. जे बाबा सहा वर्षांत टँकला बोट लावायला तयार नव्हते, ते! वर मला म्हणतात, "नीट मोजून घेत जा गं आपली माणसं."

पुढचे बारा दिवस मासे एका मोठ्या पिंपात. रोज अमोनिया तपासायचा, रोज थोडं पाणी बदलायचं. नवं पाणी आरओचं, लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास समुद्री मीठ. किचनमधल्या आरओतून १०० लिटर पाणी काढायला अख्खा दिवस जातो, आईचा कुकर वेटिंगवर. खारेपणाही एकदम वाढवायचा नसतो. दिवसाला ०.००१ या हिशेबाने पाच-सहा दिवसांत १.०२५ वर आणला.

नवा टँक मुद्दाम लहान केला. तीन फूट, १८२ लिटर, १० मिलिमीटरची काच. प्लाय बंद, लोखंडी स्टँड. तळाखाली थर्माकोलची शीट, म्हणजे जमिनीतला बारीक उंच-सखलपणा ती घेते. खाली कडा असलेला ट्रे, गळलंच तर मला आधी कळेल. सिलिकॉन आठवडाभर वाळू दिलं, मग साधं पाणी भरून दोन दिवस कागदावर ठेवला. कागद कोरडा राहिला, तेव्हाच मासे आत. आणि जागा बदलली. आता तो काकूंच्या बेडरूमवर नाही.

काकूंच्या छताचं काम बाकी आहे. पावसाळ्यात प्लास्टर वाळत नाही, शिवाय खाऱ्या पाण्याने स्लॅबमधलं लोखंड गंजतं, त्यामुळे नुसता रंग मारून चालणार नाही. तिथलं प्लास्टर काढून सळ्या बघायच्या. दिवाळीआधी करायचं ठरलंय, खर्च माझा. दर महिन्याला पगारातून बाजूला काढतेय. इलेक्ट्रिशियनने पंख्याची वायर बदलून दिलीये, काका पुन्हा त्यांच्या खोलीत झोपतात.

टँकवाल्यांसाठी शेवटचं. पाणी कमी होतंय आणि गळतीचा संशय आहे? टँकशेजारी एक बादली पाणी भरून ठेवा, दोन्हीवर पेनाने खूण करा. दोन दिवसांनी बघा. टँकची पातळी बादलीपेक्षा बरीच जास्त उतरली असेल तर ते बाष्पीभवन नाही. आणि संशय खरा निघाला तर सिलिकॉनची ट्यूब शोधण्याआधी खालच्या मजल्यावर जा. मी तीन दिवस उशिरा गेले.

परवा काकू वर आल्या होत्या, नवा टँक बघायला. बराच वेळ खुर्ची ओढून बसल्या. गोबी बिळाच्या दारात, कोळंबी आतून वाळू बाहेर टाकतेय. काकू म्हणाल्या, "हा नुसताच बसलाय, काम ती करतेय होय?" म्हटलं, काकू, तो लक्ष ठेवतोय.

"बरं आहे," म्हणाल्या. "कुणीतरी ठेवायला हवं."

चला मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्याकडे टँक असेल, किंवा तुमच्या वरच्यांकडे असेल, तर हा भाग त्यांना नक्की पाठवा. पुढच्या शुक्रवारी भेटूया, यावेळी नक्की. काळजी घ्या, ऐकत राहा.