ग्रुप घेण्याची तालीम



आठ-दहा माणसं गोल करून बसतात, आठवड्यातून एकदा, तास-दीड तास. सोबत एखाद-दुसरा थेरपिस्ट. हा गटोपचार. आम्ही याला 'ग्रुप घेणं' म्हणतो. अर्विन यालोम यांचा यावरचा १९७० सालचा ग्रंथ समुपदेशन शिकणारी आमची मुलं पाठ करून येतात. आणि पहिल्याच ग्रुपमध्ये तास घेतात!

म्हणून तालमीसाठी आम्ही खुर्च्यांची दोन वर्तुळं मांडतो. आत एक शिकाऊ थेरपिस्ट आणि चिठ्ठीत भूमिका मिळालेले सहा-सातजण. एक सतत सल्ले देतो, एक उशिरा येतो, एक तोंडच उघडत नाही. बाहेरच्या वर्तुळात वह्या घेतलेले निरीक्षक. एकानं थेरपिस्टची वाक्यं मोजायची, दुसऱ्यानं कोण कोणाकडे बघून बोलतं ते टिपायचं.

मागे एका हुशार मुलीनं वीस मिनिटं ग्रुप घेतला. खूश होती. मग वही वाचली गेली : 'वाक्यं एकूण साठ, त्यातली चाळीस ताईंची. सगळे बोलले ते ताईंकडे बघून.' चेहरा उतरला. दुसऱ्या फेरीत तिला बंधन घातलं : कुणी काही विचारलं तर प्रश्न ग्रुपकडे वळवायचा, आणि शांतता पसरली की मनात तीसपर्यंत मोजायचं. (रेडिओवर मी एवढा वेळ गप्प बसलो, तर तुम्ही संच ठोकून पाहाल.) ती अठरापर्यंत पोचली असेल. तोंड न उघडणारा मुलगा उशिरा आलेल्याला म्हणाला, "मी बोलणारच होतो, तेवढ्यात तू आलास." हे वाक्य चिठ्ठीत नव्हतं.

निरीक्षण ज्याचं त्याला ऐकवायचं, ही युक्ती आमची नव्हे. १९४६च्या उन्हाळ्यात अमेरिकेत, कनेक्टिकटमध्ये, मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांचं शिबिर होतं. रात्री संशोधक दिवसभराच्या नोंदी चर्चेला घेत. काही शिबिरार्थींनी 'आम्हीही बसू का?' विचारलं, लेविननी होकार दिला. स्वतःबद्दलची नोंद ऐकून एक बाई 'असं घडलंच नाही' म्हणून भांडल्या. त्या भांडणातून जेवढं शिकता आलं, तेवढं दिवसभरात शिकता आलं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात मेन राज्यातल्या बेथेल गावी याच पद्धतीनं शिबिर भरलं. लेविन मात्र फेब्रुवारीतच गेले होते.

एक खबरदारी. लुटुपुटीच्या भूमिकेतूनही खरं दुःख वर येतं. त्यामुळे शेवटची दहा मिनिटं भूमिका उतरवायला राखून ठेवावी लागतात : खुर्ची बदलायची, स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचं. घाईत हेच गाळलं जातं, आणि ते मला मुळीच मान्य नाही.

समुपदेशनाचा अभ्यासक्रम निवडत असाल, तर फी विचारण्याआधी हे विचारा : ग्रुप घेण्याचा सराव किती तास, आणि मागे वही घेऊन कोण बसतं?