देवघराला लागून ओसरी
(संस्थेच्या महोत्सवात केलेले भाषण)



आपल्या नियोजित वृद्धाश्रमाचा नकाशा बाहेर लावला आहे. त्यावर दोन शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली. त्यासाठी मी इंग्लंडमधील एका वास्तूची हकिकत सांगतो.

1834 च्या कायद्यानंतर तिकडे गरिबांसाठी जागोजाग वर्कहाउसे उभी राहिली. मदत हवी असेल, तर तेथे जाऊन राहावयाचे. नवरा एका विभागात, बायको दुसऱ्या. लोकांना तेथे यावेसेच वाटू नये, हाच त्यामागील हेतू. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या मजुराला म्हातारपणी या दाराची धास्ती वाटे.

वुस्टरशर परगण्यातील तिसरे अर्ल बीचम 1853 साली वारले. वृद्ध शेतमजुरांच्या निवाऱ्यासाठी त्यांनी मृत्युपत्राने 60,000 पौंड ठेवले. त्या पैशातून मॉल्व्हर्नजवळ न्यूलँड या खेड्यात 1862 ते 1864 या काळात सेंट लेनर्डचे चर्च व त्याला लागून धर्मार्थ घरे बांधली गेली. शिल्पकार होते फिलिप चार्ल्स हार्डविक.

चर्च गॉथिक धाटणीचे. आतील भिंती धार्मिक चित्रांनी भरलेल्या. एखाद्या सरदाराच्या खाजगी देवघराला शोभावे असे हे काम. पण ते रोज कोणाच्या दृष्टीस पडावयाचे? थकल्याभागल्या मजुरांच्या! घरे आणि चर्च यांना जोडणारी ओसरीही आहे. म्हाताऱ्या माणसाने न भिजता प्रार्थनेस जावे, इतका विचार बांधणाराने केला.

याच हार्डविकांनी लंडनच्या यूस्टन स्टेशनाचा भव्य दिवाणखाना बांधला होता. तो 1961-62 मध्ये पाडला गेला. न्यूलँडची घरे मात्र उभी आहेत.

आता आपला नकाशा पाहा. सभागृह रस्त्यालगत, त्यावर देणगीदारांची नावे. वृद्धांच्या खोल्या मागील हद्दीला, आणि मधे उघडे पटांगण. पावसाळ्याच्या रात्री कीर्तन ऐकावयास सत्तरी ओलांडलेल्या आजी ते पटांगण कशा ओलांडतील? काठी टेकीत, चिखलातून? की खोलीतच बसून राहतील?

माझी मागणी एवढीच, की प्रवेशद्वाराची कमान थोडी लहान करा आणि वाचलेल्या पैशातून खोल्यांपासून सभागृहापर्यंत ओसरी काढा. तिला पायऱ्या नकोत, धरावयास कठडा असावा. दानाची शोभा दर्शनी भागात नाही. ज्याच्यासाठी दान केले, तो माणूस आपल्यात येऊन बसू शकतो की नाही, यात आहे.