शिस्त कामाची, सन्मान माणसाचा

(देणगीदार व हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



वर्षभरात किती रुग्णांवर उपचार झाले, किती शस्त्रक्रिया सवलतीच्या दरात पार पडल्या आणि आपण दिलेल्या देणगीचा विनियोग कसा झाला, याचा तपशील आपल्या हाती दिलेल्या अहवालात आहेच. त्या आकड्यांची पुनरुक्ती न करता, ताळेबंदात कोठेही न दिसणाऱ्या एका विषयाकडे आज आपले लक्ष वेधण्याची अनुज्ञा असावी. आपल्या वॉर्डांतून रात्रंदिवस वावरणारे तरुण डॉक्टर आणि त्यांना घडविणारे कडक ज्येष्ठ, हा तो विषय होय.

हा विषय निवडण्यास कारणही घडले. एका रुग्णाच्या नातेवाइकांनी आम्हांस विचारले, “मोठे डॉक्टर सकाळच्या फेरीत त्या मुलांना इतके का बोलतात? त्यांच्या हाती आमचा माणूस सुरक्षित आहे ना?” उलट एका ज्येष्ठ देणगीदारांनी सांगितले, “पूर्वीचे सर्जन याहून कडक होते, म्हणून तर हात तयार झाले.” दोन्ही मते आपुलकीतून आलेली आहेत, म्हणूनच दोहोंना उत्तर देणे आम्ही कर्तव्य समजतो.

एम.बी.बी.एस.ची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याला एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता पूर्ण करावी लागते. त्यावाचून व्यवसायाची कायमची नोंदणी मिळत नाही. ही मुले-मुली तेवीस-चोवीस वर्षांची असतात. पुस्तकातील रोग धड्यानुसार क्रमाने येतो. वॉर्डात तो मधुमेह, रक्तदाब, दारिद्र्य आणि घाबरलेले नातेवाईक यांना सोबत घेऊन येतो. अशा वेळी त्यांच्या पाठीशी कोणीतरी जाणता लागतो.

आमच्या शस्त्रक्रिया विभागातील ज्येष्ठ शल्यचिकित्सक असे जाणते आहेत. नाव घेतलेले त्यांना रुचणार नाही. त्यांची फेरी सकाळी साडेसातला सुरू होते. रात्री शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाजवळ उभे राहून ते विचारतात, “लघवी किती?” आंतरवासी उत्तर देतो, “ठीक आहे, सर.” मग आवाज चढतो, “ठीक म्हणजे किती मिलिलिटर?”

बाहेरून पाहणाऱ्याला हा जाच वाटेल. परंतु साठ किलो वजनाच्या प्रौढ माणसाला ताशी साधारण ३० मिलिलिटर तरी लघवी व्हावी लागते. शस्त्रक्रियेनंतर पोटात रक्तस्राव सुरू झाला, तर बहुधा नाडी आधी जलद होते, लघवी कमी होते आणि रक्तदाब मागाहून घसरतो. तो घसरेपर्यंत थांबणाऱ्याच्या हातून मोलाचा वेळ निघून जातो. म्हणून ‘ठीक’ हा शब्द या गृहस्थांना खपत नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे. आम्हांस हे चटकन उमगते. लेखापरीक्षक जेव्हा “व्हाउचर कोठे आहे?” असे विचारतो, तेव्हा तो आमचा अपमान करीत नसतो. तो नोंद मागत असतो.

या कठोरपणाला शतकाहून मोठी परंपरा आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. तेथे विल्यम हॉलस्टेड यांनी शल्यचिकित्सेच्या निवासी प्रशिक्षणाची पद्धत रुजविली. रुग्णालयातच राहायचे, वर्षानुवर्षे राबायचे आणि अनेकांतून एखाद्यानेच शिखर गाठायचे, असा तिचा साचा होता. त्यांच्या हाताखाली तयार झालेले हार्वे कुशिंग हे मेंदूच्या शस्त्रक्रियेचे प्रवर्तक मानले जातात. साहाय्यकांशी अतिशय कडक वागण्याबद्दलही त्यांची ख्याती होती. याच कुशिंग यांनी विद्यार्थिदशेत ईथरची भूल दिली असताना एक रुग्ण दगावला. त्यानंतर १८९४ च्या सुमारास त्यांनी आणि त्यांचे सहाध्यायी अर्नेस्ट कॉडमन यांनी भुलेच्या वेळी नाडीची लेखी नोंद ठेवण्यास आरंभ केला. आज प्रत्येक शस्त्रक्रियागृहात भुलेचा तक्ता भरला जातो, त्याचे एक मूळ तेथे आहे. परंपरेने आपल्याला अचूक नोंदही दिली आणि तिखट जीभही दिली. दोन्ही एकत्र आल्या म्हणून त्या अविभाज्य आहेत, असे मात्र नव्हे.

आमच्या वॉर्डातही जीभ कधीकधी कामाची हद्द ओलांडी. “लघवी मोजली नाहीस” हा प्रश्न कामाचा झाला. “तुला डॉक्टर कोणी केले?” हा प्रश्न, तोही रुग्णासमोर, माणसावर घाव घालणारा झाला. मुलांनी त्यावर आपापले उपाय शोधले. कोणी खिशात छोटी वही ठेवून फेरीपूर्वी सगळे आकडे उतरवून घेई. सात वाजता वरिष्ठ निवासी डॉक्टर धाकट्यांची उजळणी घेत. कॅन्टीनमध्ये चहासोबत सरांची नक्कल होई आणि मन हलके होई. वॉर्डच्या अनुभवी सिस्टर तर निम्म्या प्रश्नांची उत्तरे आधीच कानात सांगत. बहुतेक जण असे तरून जात आणि हात कमावून बाहेर पडत. काही जण मात्र अबोल होत. अबोल झालेला डॉक्टर रुग्णासाठी किती धोक्याचा, हे आम्हांस गेल्या पावसाळ्यातील एका रात्रीने दाखविले.

आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या एका रुग्णाची नाडी रात्री दीडच्या सुमारास ९० वरून १२४ वर गेली. दोन तासांत लघवी अवघी २५ मिलिलिटर झाली होती. रक्तदाब मात्र अजून चांगला होता. निवासी डॉक्टर अपघात विभागात गुंतलेले होते. कामावरील आंतरवासी मुलीला काहीतरी बिघडत असल्याचे कळत होते. पण रक्तदाब चांगला असताना सरांना झोपेतून उठवण्याचे धैर्य होईना. अखेर सिस्टर म्हणाल्या, “डॉक्टर, फोन लावा. रागावले तर माझे नाव सांगा.” सर वीस मिनिटांत आले. पोट पुन्हा उघडावे लागले. एका रक्तवाहिनीवरील गाठ सुटली होती; ती बांधली गेली. तो रुग्ण पुढे स्वतःच्या पायांनी घरी गेला.

पहाटे हात धुताना सरांनी विचारले, “नाडी दीडला चढली, फोन दोन वाजून दहा मिनिटांनी आला. मधली चाळीस मिनिटे काय करत होतीस?” ती म्हणाली, “सर, तुमची भीती वाटली.” त्यावर ते काही बोलले नाहीत. दुपारी ते आमच्या कार्यालयात आले आणि त्यांनी एक कोरा कागद मागून घेतला. कोणत्या पाच लक्षणांवर कोणालाही न विचारता थेट त्यांना फोन करायचा, ते त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले. खाली सही केली आणि एक ओळ जोडली, ‘फोन केल्याबद्दल कोणीही रागावणार नाही.’ तो कागद आज प्रत्येक शस्त्रक्रिया वॉर्डात लावलेला आहे.

ही एका रुग्णालयापुरती गोष्ट नाही. २०१५ साली ‘पेडिॲट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात इस्रायलमधील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागांत काम करणाऱ्या २४ गटांना, अकाली जन्मलेल्या बाळाची प्रकृती खालावते आहे, असा सरावाचा प्रसंग हाताळण्यास दिला होता. काही गटांना बाहेरच्या तज्ज्ञाने हिणवणारे शब्द ऐकविले, इतरांना साधे. हिणवले गेलेल्या गटांचे निदान आणि प्रत्यक्ष हातांचे काम दोन्ही खालावले. ते एकमेकांना माहिती कमी देत होते आणि मदतही कमी मागत होते. अपमानाची किंमत पाळण्यातील बाळ मोजते, असा याचा अर्थ.

विश्वस्त मंडळाच्या संमतीने आम्ही काही गोष्टी ठरविल्या. कामाची चौकशी पूर्वीइतकीच कडक राहील. व्यक्तीविषयीचे कठोर शब्द रुग्णांसमोर वा नातेवाइकांसमोर उच्चारले जाणार नाहीत. पाळी बदलताना प्रत्येक रुग्णाची माहिती लेखी दिली जाईल. मुलांचे गुणांकन ज्यांच्या हाती नाही, अशा एका निवृत्त वैद्यांकडे त्यांना मन मोकळे करता येईल. विश्रांतीचाही विचार केला आहे. निवासी डॉक्टरांनी सलग बारा तासांहून अधिक काम सामान्यतः करू नये, असे केंद्र सरकारच्या १९९२ च्या निर्देशात म्हटले आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीतही पुरेशा विश्रांतीची अपेक्षा आहे. मनुष्यबळ तोकडे असताना हे साधणे सोपे नाही. परंतु थकलेला शिष्य आणि थकलेला गुरू यांच्यातच ठिणगी लवकर पडते, हे आम्ही रोज पाहतो.

रुग्णांच्या आप्तांना आमची विनंती अशी: फेरीत तरुण डॉक्टरला प्रश्न विचारले जात असतील, तर त्यामुळे त्याच्यावरील विश्वास कमी करू नये. आपल्या माणसाची नोंद तपासली जात आहे, एवढेच समजावे. वरून ज्येष्ठांचा आणि समोरून नातेवाइकांचा राग एकाच वेळी त्याच्या वाट्याला येऊ नये.

देणगीदारांना विनंती अशी: यंत्रसामग्रीस आपण नेहमीच उदार हस्ते साहाय्य करीत आला आहात. आता आंतरवासींच्या विश्रांतिकक्षाचे काम हाती घ्यावयाचे आहे. दोन स्वच्छ खोल्या, काही पलंग, पिण्याचे पाणी आणि मुलींसाठी स्वतंत्र प्रसाधनगृह, एवढीच गरज आहे. त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लहान असेल. लाभ मात्र रात्री दीड वाजता खाटेवर असलेल्या रुग्णाला होईल.

आमच्या सरांचा आवाज अजूनही चढतो. “ठीक म्हणजे किती?” हा प्रश्न अजूनही येतो, आणि तो येत राहावा अशीच आमची इच्छा आहे. अलीकडे रात्रीचे फोन वाढल्याची तक्रार ते करतात, परंतु फोन उचलतात. आपला लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा, ही प्रार्थना.