फुल्मरच्या घरट्यापाशीं



छायाचित्रें काढण्याचा छंद आज इतका सार्वत्रिक झाला आहे कीं, त्याविषयीं आपणांस कांहीं सांगणें म्हणजे पोहणाऱ्यास पाणी दाखविण्यासारखेंच होय. तरीहि ज्या एका छायाचित्रासाठीं मीं दूरचा प्रवास केला आणि जें अखेर काढलेंच नाहीं, त्याची हकीकत आज सांगावी असें मनांत आहे.

स्कॉटलंडच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरांत सेंट किल्डा नांवाचा एक लहानसा द्वीपसमूह आहे. त्याला जवळचें असें बेट म्हणजे उत्तर उइस्ट. पण तेंहि सुमारें ६४ किलोमीटर दूर. मुख्य बेटाचें नांव हिर्टा. त्याचें कॉनाकेर हें शिखर ४३० मीटर उंच असून समुद्राच्या बाजूस त्याचा कडा थेट पाण्यांत उतरला आहे. या बेटावर शेंकडों वर्षें माणसें राहत होतीं, आणि तीं जगत होतीं मुख्यतः समुद्रपक्ष्यांवर. पक्ष्यांचें मांस त्यांच्या ताटांत, पक्ष्यांचें तेल त्यांच्या दिव्यांत आणि पक्ष्यांचीं पिसें जमीनदाराच्या खंडांत! पुढें हें जीवन अशक्य झालें. २९ ऑगस्ट १९३० रोजीं उरलेलीं ३६ माणसें स्वतःच्याच विनंतीवरून बेट सोडून गेलीं. पक्षी मात्र राहिले.

कॅमेरा घेऊन या बेटावर आलेल्या आरंभींच्या पक्षिप्रेमींत रिचर्ड व चेरी कीर्टन या दोघां भावांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. यॉर्कशायरमधील हे शेतकऱ्याचे मुलगे. लहानपणीं एका घरट्यासाठीं चढतांना पडल्यामुळें रिचर्ड कायमचा लंगडा झाला होता. पण त्याची आवड कांहीं पडली नाहीं. १८९२ सालीं चेरीनें एका घरट्याचें, आंतील अंड्यांसह, छायाचित्र घेतलें. त्या काळीं पक्ष्याचा अभ्यास म्हणजे बहुधा बंदूक आणि पेंढा; म्हणून या घटनेचें महत्त्व मोठें. १८९६ सालीं दोघे सेंट किल्डास गेले. पुढें त्यांनीं पेंढा भरलेल्या पोकळ बैलाच्या पोटांत बसूनहि चित्रें घेतलीं! जड कॅमेरा, कांचेच्या तावदानांसारख्या फोडावयास सोप्या पट्ट्या आणि अपार चिकाटी, एवढेंच त्यांचें भांडवल होतें.

माझें भांडवल त्यांच्याहून पुष्कळच मोठें होतें, फक्त चिकाटी तेवढी कमी. जुलैच्या अखेरीस हॅरिस बेटावरील लेव्हरबरो येथून मोटारबोटीनें मी निघालों. तीन तास लाटांनीं आमची घुसळण केली. बेटावर राहावयास मिळणार होते जेमतेम चार तास. ओसाड गांवाच्या दगडी भिंतींमधून मी थेट कड्याकडे गेलों. मला हवा होता फुल्मर.

हा पक्षी दिसतो कुरव पक्ष्यासारखा, परंतु त्याचें गोत्र अल्बट्रॉसचें. चोंचीवर नळीसारख्या नाकपुड्या, आणि पंख ताठ ठेवून वाऱ्यावर तरंगण्याची विलक्षण हातोटी. कड्याच्या कांठाशीं गवतांत एक फुल्मर आपल्या राखी-पांढऱ्या पिलास पोटाखालीं घेऊन बसला होता. मी पोटावर सरपटत पुढें गेलों. त्यानें गुरगुरून चोंच उघडली. मी आणखी एक हात पुढें सरकलों. तोंच पिवळसर तेलाची एक पिचकारी माझ्या बाहीवर आणि भिंगावर येऊन पडली. दुर्गंधीचें वर्णन आकाशवाणीवरून करतां येत नाहीं, हें आपलें भाग्यच समजा.

मीं भिंग पुसलें आणि पुन्हां पुढें झालों. पुन्हां पिचकारी. तिसऱ्यांदां सरकणार, इतक्यांत मागून बेटावरील रखवालदार बाईंनीं मला हांक मारली. त्या रागावल्या नाहींत. शांतपणें म्हणाल्या, "तो आपल्या अंगावर थुंकतो असें आपणांस वाटतें. तो पिलाचा घांस फेंकून देत आहे."

मी थक्क झालों. हें तेल फुल्मरच्या पोटांत खाल्लेल्या अन्नापासून सांचतें. लांबच्या उड्डाणांत तीच त्याची शिदोरी आणि पिलाचें पौष्टिक अन्नहि तेंच. फुल्मर वर्षांतून एकच अंडें घालतो. तें गेलें कीं त्या वर्षाचें सारें गेलें. माझ्या हौसेसाठीं त्यानें दोनदां आपली कोठी रिकामी केली होती. मीं कॅमेऱ्यावर झांकण घातलें आणि आलों तसाच मागें सरकलों.

म्हणून छायाचित्रण वाईट असें मात्र नव्हे. याच द्वीपसमूहांतील गॅनेट पक्ष्यांच्या सुमारें ६०,००० जोड्यांची गणती विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून झाली आहे. २०२२ सालीं पक्षिज्वरानें स्कॉटलंडच्या किनाऱ्यांवर हजारों गॅनेट मेले. किती गेले आणि किती उरले हें कळावयास जुनीं चित्रेंच उपयोगीं पडतात. प्रश्न एवढाच कीं, चित्राची किंमत कोण देतो?

एका चित्रजोडीची गोष्ट सांगून पुरे करतों. ऑर्कने द्वीपांतील आइनहॅलो या निर्जन बेटावर १९५० पासून फुल्मरांचा अभ्यास चालू झाला. जॉर्ज डनेट हे तेथील संशोधक. १९५१ च्या छायाचित्रांत तरुण डनेट हातांत एक फुल्मर धरून उभे आहेत. १९८६ च्या छायाचित्रांत तेच डनेट आणि, पायांतील कड्यावरून ओळखलेला, तोच फुल्मर. माणूस म्हातारा झाला आहे. पक्षी होता तसाच दिसतो.

माझ्या कोटाचा वास तीन धुलाया होऊनहि गेलेला नाहीं, आणि घरच्या मंडळींनीं त्यास गॅलरींत हद्दपार केलें आहे. पण तो टाकून देण्याचें मला धैर्य होत नाहीं. त्या पक्ष्याचें माझ्याजवळ चित्र नाहीं. एका पिलाचे दोन घांस मात्र त्या बाहीवर आहेत.