रिपोर्टात नॉर्मल दिसणारं कॅल्शियम

मी मोताळ्याचा, सॉफ्टवेअर इंजिनिअर. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. आज बोलायचंय कॅन्सरच्या पेशंटच्या रक्तात वाढणाऱ्या कॅल्शियमबद्दल.

मे महिना. पेशंटला सारखी तहान, लघवी जास्त, पोट साफ नाही, मळमळ, दिवसभर गुंगी. घरचे म्हणतात, ऊन आहे अन् केमोचा थकवा. पटतंही. पण पेशंट असंबद्ध बोलायला लागला की तो उन्हावर ढकलायचा विषय राहत नाही.

काही गाठी पीटीएचआरपी नावाचं प्रथिन सोडतात. ते पॅराथायरॉइड हार्मोनची नक्कल करतं. मग हाडांतलं कॅल्शियम रक्तात येतं आणि किडनी ते धरून ठेवते. फुप्फुस, स्तन, खर्रा-तंबाखूवाला तोंडाचा कॅन्सर, यांत हे होऊ शकतं. मायलोमात हाडच जागेवर पोखरलं जातं. त्यामुळे नुसतं दूध-दही बंद करून भागत नाही. वाढलेल्या कॅल्शियमनं लघवी वाढते, शरीर कोरडं पडतं, कोरडं पडलं की किडनी कॅल्शियम आणखी धरते. आमच्या भाषेत इन्फिनिट लूप! पुढे किडनी निकामी होणं, हृदयाचे ठोके बिघडणं, कोमा.

आता रिपोर्ट. कॅल्शियम साधारण 8.5 ते 10.5. समजा आलं 10.4. नॉर्मल? थांबा, अल्ब्युमिन बघा. खाणं सुटलेल्या पेशंटचं ते घसरतं. 4 मधून अल्ब्युमिन वजा करा, 0.8 नं गुणा, कॅल्शियममध्ये मिळवा. अल्ब्युमिन 2.2 असेल तर खरा आकडा जवळपास 11.8. हा अंदाजच, आयोनाइज्ड कॅल्शियमची तपासणी जास्त पक्की. 14 च्या वर गेलं तर मामला गंभीर.

उपचार आहेत. आधी सलाईन. मग झोलेड्रॉनिक अॅसिड, पण त्याआधी क्रिएटिनिन बघतात, आणि त्याचा असर दिसायला दोन-चार दिवस लागतात. तोवर कॅल्सिटोनिन काही तासांत काम करतं.

म्हणूनच मुंबईला टाटाची पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे म्हणून घरी थांबू नका. बुलढाणा नाहीतर मलकापूर गाठा, कॅल्शियम, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन तपासायला सांगा. सलाईन तिथंही लागतं. आणि पेशंटला कॅल्शियम किंवा व्हिटॅमिन डी च्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटं सोबत न्या, डॉक्टरांना दाखवा.